२२० हॉर्सपॉवरची मस्टँग, डायनोवर ९२च कशी?

प्रश्न : नमस्कार सर, आमच्या काकांची १९६९ ची मस्टँग आहे, ३०२ व्ही८, दोन बॅरलचा (हवेच्या दोन नळ्यांचा) कार्बोरेटर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. लई वर्षं शेडमध्ये उभी होती, आता इंजिन पूर्ण खोलून बोअर, पिस्टन, रिंगा, टायमिंग चेन सगळं नवीन केलं, काम इथंच उद्यमनगरात करून घेतलं. आतला गालिचा, सीटा पण नवीन. दिसायला गाडी नाद खुळा झालीय पण दम नाही, गगनबावड्याच्या घाटात नुसता आवाज करते आणि ३५०० आरपीएमच्या पुढं ओढतच नाही. शेवटी पुण्यात डायनोवर (चाकाची पॉवर मोजायच्या मशीनवर) लावली तर चाकाला ९२ हॉर्सपॉवर, आणि पुस्तकात लिहिलंय २२०! काका म्हणतात फोर बॅरल कार्बोरेटर आणि मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) मागवू. मागवू का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आत्ताच काही मागवू नका. आधी नेमके किती घोडे गायब आहेत ते बघू, कारण १२८ तर नक्कीच गायब नाहीत.

पुस्तकातले २२० हे ग्रॉस आहेत. त्या काळी अमेरिकेत इंजिन गाडीबाहेर स्टँडवर लावून मोजायचे, एअर फिल्टर नाही, अल्टरनेटरचा भार नाही, एक्झॉस्ट मोकळा. १९७२ पासून सगळं सामान लावून नेट आकडा द्यायला लागले आणि हेच ३०२ इंजिन जे १९७१ ला २१० होतं ते एकदम १४० वर आलं. कॉम्प्रेशन थोडं कमी केलं होतं हे खरं, पण बराचसा फरक मोजायच्या पद्धतीचाच. तेव्हा तुमचं इंजिन नेट अंदाजे १५० धरा, त्यातला पाचवा हिस्सा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल खातो, उरले १२०, शिवाय पुणे काय कोल्हापूर काय आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, हवा विरळ म्हणून अजून पाचेक टक्के गेले (डायनोच्या कागदावर हवेचं करेक्शन लावलं असेल तर हे धरू नका). म्हणजे ठणठणीत गाडीला ११५ च्या आसपास यायला पाहिजेत. तुमचे वीस-पंचवीस कमी आहेत, पण घाटात तेवढेही चांगलेच जाणवतात.

आता फुकटातली तपासणी आधी. इंजिन बंद, एअर फिल्टर काढा, एकाला पेडल पार तळापर्यंत दाबायला सांगा आणि वरून कार्बोरेटरमध्ये टॉर्च मारा. थ्रॉटलच्या पाकळ्या पूर्ण उभ्या व्हायला हव्यात. तुम्ही गालिचा नवीन टाकलाय ना, जाड गालिच्यावर पेडल टेकतं आणि पाकळ्या पाऊणच उघडतात, हे होतं.

माझा जास्त संशय मात्र टायमिंगवर, म्हणजे प्लगची ठिणगी पडायच्या वेळेवर आहे. तुम्ही टायमिंग लाईटने ६ डिग्री लावलं असेल, पण ती खूण क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या ज्या बॅलन्सरवर आहे त्याची बाहेरची रिंग आणि आतला हब यांच्यामध्ये रबर असतं, ते आता पन्नास वर्षांच्या वरचं आहे. रबर कडक होऊन सुटतं, रिंग सरकते, आणि मग लाईट ६ दाखवते पण खरं टायमिंग शून्यावर असू शकतं. यासाठी जुन्या प्लगचं पोर्सिलीन काढून त्याच्या चुडीत बोथट बोल्ट वेल्ड करून घ्या, उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडं होऊन जाईल. बॅटरी काढा, सगळे प्लग काढा, एक नंबर सिलिंडरमध्ये तो बोल्ट लावा आणि क्रँक पान्यानं हळूहळू फिरवा. पिस्टन बोल्टला टेकला की पॉइंटरसमोर खडूची खूण करा, मग उलटं फिरवून दुसऱ्या बाजूनं टेकवा, दुसरी खूण. दोन्हीच्या बरोब्बर मध्ये खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर असतानाची जागा. जुनी शून्याची खूण तिथं नसेल तर बॅलन्सर बदलायचा, त्यात तडजोड नको. मग डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूमचा पाईप काढून, बंद करून, ३००० आरपीएमला एकूण ॲडव्हान्स (ठिणगी टीडीसीच्या किती आधी पडते ते) बघा, ३४ ते ३६ डिग्री पाहिजे. त्याहून खूप कमी असेल तर डिस्ट्रिब्युटर उघडा, वर्षानुवर्षं उभ्या गाडीत आतली वजनं वाळलेल्या ग्रीसमध्ये अडकून बसतात आणि ॲडव्हान्स वाढतच नाही. लोडवर टिकटिक आवाज आला तर दोनेक डिग्री मागं घ्या.

दुसरा विषय पेट्रोलचा. आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळतात, आणि अशा पेट्रोलला तेवढ्याच हवेत साधारण आठ टक्के जास्त इंधन लागतं. आजच्या गाडीचा कॉम्प्युटर ते सांभाळून घेतो, १९६९ च्या कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) कसा सांभाळणार, इंजिन लीनच चालणार, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. चढावर पूर्ण थ्रॉटल देऊन तिथंच इंजिन बंद करा आणि जागा बघून बाजूला थांबून प्लग बघा, पांढरेफटक असतील तर मेन जेट एकेक नंबरनं वाढवत जा. पंपाचे डायफ्राम, होजपाईप पण इथेनॉल चालणारे घ्या, हे पॉवरपेक्षा आगीच्या भीतीनं सांगतोय.

एवढं करूनही जोर येत नसेल तर गरम इंजिनवर, सगळे प्लग काढून, थ्रॉटल उघडा ठेवून कॉम्प्रेशन घ्या. एकदोन सिलिंडरच कमी असतील तर व्हॉल्व्ह किंवा रिंगा. पण आठही सारखे आणि १५० पीएसआयच्या बरेच खाली असतील तर नव्या टायमिंग चेनकडं बघा, बाजारातल्या बऱ्याच सेटच्या क्रँक गिअरला तीन चावीघाटं (चावी बसायच्या खाचा) असतात, एक सरळ, एक ४ डिग्री पुढं, एक ४ डिग्री मागं. बसवताना चुकून मागचं घेतलं गेलं तर कॅम उशिरा चालतो आणि तुमचं म्हणणं तसंच, खाली दमच नसतो. ३५०० नंतर मरणं मात्र टायमिंग, लीन जेट किंवा झिजलेल्या कॅमच्या लोबकडं बोट दाखवतं, म्हणून व्हॉल्व्ह कव्हर काढून सगळ्या रॉकरची उचल डायल गेजनं मोजून ठेवा.

फोर बॅरलचं विचाराल तर ते सोपं तपासता येतं. मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावा आणि घाटात पूर्ण थ्रॉटल द्या. वरच्या आरपीएमला काटा जवळजवळ शून्यावर असेल तर आत्ताचा कार्बोरेटर पुरेशी हवा देतोय, दोन इंचाच्या वर राहिला तरच मोठ्याचा विचार करा. कॅम तर राहूच दे, या कॉम्प्रेशनला आणि ऑटोमॅटिकच्या स्टॉक टॉर्क कन्व्हर्टरला मोठा कॅम लावला तर घाटात आत्ता आहे तेवढाही जोर राहणार नाही. काकांना सांगा, आधी बॅलन्सर.