दहावीला गणित गेलं, आता चुलता फाउंड्रीत लावतो म्हणतोय

प्रश्न : ताई, माझ्या बहिणीचा मुलगा सोळा वर्षांचा आहे. वडील नाहीत, बहीण चार घरची धुणीभांडी करते. पोरगं यंदा दहावीला गणितात अडकलं, बाकी सगळे विषय सुटले. आता शाळेचं नाव काढलं की उठून जातंय, दिवसभर तालमीत नाहीतर फुटबॉल खेळत. चुलता म्हणतोय शिरोलीत ओळख आहे, फाउंड्रीत लावतो, घरात चार पैसे येतील. लावू का नको?
– एक मावशी, कोल्हापूर

उत्तर : मावशी, फाउंड्रीत आत्ता अजिबात नको. फाउंड्रीचं, म्हणजे धातू वितळवून ओतायचं, काम कायद्यानं धोकादायक धरलंय आणि २०१६ च्या दुरुस्तीपासून १४ ते १८ च्या पोरांना तसल्या कामाला ठेवताच येत नाही, म्हणजे ठेवलंच तर गुपचूप, हजेरीवर नाव नाही, आणि उद्या हात भाजला तर हे पोरगं आमच्याकडं होतंच कुठं म्हणायला मोकळे.

पण घरात पैसा पाहिजे हे खरंच आहे, बहिणीला कुणी दोष देऊ नका. बालसंगोपन योजना आहे, वडील नसलेल्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात पण १८ पूर्ण होईपर्यंतच, म्हणून उद्याच जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जाऊन चौकशी करा, वडिलांचा मृत्यू दाखला बरोबर घ्या.

शिक्षणाचं म्हणाल तर एकच विषय गेलाय, एटीकेटीवर, म्हणजे राहिलेला विषय नंतर सोडवायच्या बोलीवर, अकरावीला ऍडमिशन मिळते आणि गणित पुरवणीला देता येतं. पण त्याचं मनच शाळेतनं उठलं असेल तर ढकलू नका. आयटीआयला वेल्डरला आठवी पास चालतं, एक वर्षाचा कोर्स, वायरमन दोन वर्षांचा. कळंब्याच्या आयटीआयत त्याला नुसतं फिरवून आणा, मशीनवर हात चाललेले बघू दे. तिथनं पास झाला आणि १८ झाला की अप्रेंटिस म्हणून त्याच शिरोलीत जाईल, पण तेव्हा करार असेल, स्टायपेंड असेल, शेवटी सर्टिफिकेट असेल. चुलत्यांची ओळख तेव्हा कामाला येईल, त्यांना दुखवू नका.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. अशी पोरं कामात कच्ची असतात म्हणून सोडत नाहीत हो, पहिल्या आठवड्यात कुणीतरी घालूनपाडून बोलतं, डबा खायला कुणी बोलवत नाही, आणि घरी सांगायला माणूस नसतं, की झालं, दुसऱ्या दिवशी पोरगं जातच नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागनं एक बोर्डिंगं काढली ती याचसाठी, नुसती फी माफ करून खेड्यातलं पोरगं टिकत नव्हतं, राहायला छप्पर आणि आपलं म्हणणारी माणसं लागत होती. तुमच्या पोराकडं ती माणसं आहेत की, तालमीत! म्हणून तालीम तोडायला लावू नका. तिथल्या वस्तादांना भेटा, उद्यमनगरात स्वतःचं लेथ नाहीतर वेल्डिंगचं दुकान असलेला कोण ना कोण तिथं येतच असेल, त्याला म्हणा पहिले सहा महिने याच्याकडं लक्ष ठेवा, आठवड्यातनं एकदा कसं चाललंय विचारा. आईनं विचारलं की पोरगं बरंय म्हणून सांगतं, तालमीतल्या दादाला खरं सांगेल.

आणि आयटीआयचा फॉर्म त्याच्या हातानंच भरू दे, तुम्ही फक्त शेजारी बसा. शाळेचा दाखला आधी काढून ठेवा, ऐनवेळी तिथंच अडतं.