पोरीला हवामानशास्त्रज्ञ व्हायचंय, पण हा एच-इंडेक्स काय असतो?

प्रश्न: आम्ही दारव्हा तालुक्यातले. सहा एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर. मुलगी यवतमाळला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, भौतिकशास्त्र-गणित घेऊन. कॉलेजात हवामान बदलावरचं व्याख्यान झालं. पाहुण्या शास्त्रज्ञांची ओळख करून देताना सांगितलं, दीडशे पेपर, वीस हजार सायटेशन, एच-इंडेक्स ६०. तेव्हापासून तिला तेच व्हायचंय. नातेवाईक म्हणतात, बी.एड. करून मोकळी हो. हे आकडे कशाचे, आणि त्यावर पोट भरतं का?

उत्तर: भाऊ, नमस्कार. पत्र आवडलं. मुलीच्या डोक्यात काय शिरलंय ते समजून घ्यायला बसलेला बाप मला फार मोलाचा वाटतो.

पेपर म्हणजे छापून आलेला संशोधन लेख. एकाच्या पेपरचा आधार दुसऱ्याने आपल्या पेपरात घेतला, की पहिल्याच्या खात्यात एक सायटेशन. एच-इंडेक्स ही मोजणी कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ साली सुचवली. ६० म्हणजे त्या माणसाचे किमान ६० पेपर असे, की प्रत्येकाचा आधार निदान ६० वेळा घेतला गेलाय. पगार त्यावर ठरत नाही. नेमणूक, बढती किंवा प्रकल्पाला निधी देताना मात्र तो बघतात.

हा आकडा वयाबरोबर वाढतच जातो, कमी कधी होत नाही. शिवाय हवामानाच्या काही पेपरांवर पन्नास-शंभर नावं असतात आणि सायटेशन प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण जमा होतं. उलट एकच पेपर हजारो वेळा वापरला गेला, तरी एच-इंडेक्समध्ये तो एकच धरतात. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी १९६७ साली हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित मांडलं, उत्तर आलं सुमारे २.३ अंश सेल्सिअस. मानाबेंना नोबेल मिळालं २०२१ मध्ये. असल्या कामाचं वजन एच-इंडेक्समध्ये मावत नाही.

तुमच्या वावराशी थेट नातं असलेला एक पेपर सांगते. हवामानशास्त्रज्ञ बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ‘सायन्स’ या संशोधन नियतकालिकात मध्य भारतातल्या १९५१ ते २००० या काळातल्या रोजच्या पावसाचा हिशोब मांडला. हंगामाची एकूण सरासरी फारशी हललेली नव्हती. पण दिवसाला १०० मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस वाढला होता आणि मध्यम पाऊस कमी झाला होता. त्या मध्य भारतात आपला विदर्भ येतो. तुम्ही म्हणत असाल, हे तर आम्हाला दिसतच होतं: महिनाभर खंड, मग एका रात्रीत नाला वावरात. दिसत होतं, पण पन्नास वर्षांच्या नोंदींवर ते सिद्ध झालं, म्हणून पुढच्या असंख्य अभ्यासांनी त्याचा आधार घेतला. मुलीने हा पेपर मिळवून पूर्ण वाचावा. पहिल्यांदा निम्मा कळणार नाही, चालेल.

दुसरं, तिला हाताने करायचं काम देते. भारतीय हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर १९०१ पासूनचा रोजचा पाऊस फुकट मिळतो, अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटींमध्ये, म्हणजे एकेक चौकट साधारण २५-२८ किलोमीटरची. पायथन ही संगणकाची भाषा शिकून तिने दारव्ह्याची चौकट काढावी आणि दरवर्षी ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झालेले दिवस मोजावेत. अतिवृष्टीच्या पंचनाम्यात तुम्ही ऐकता तोच हा ६५. हे करताना तिला कंटाळा आला, तर या क्षेत्राचा नाद आत्ताच सोडलेला बरा, कारण पुढची दहा वर्षं काम असंच आहे. रात्रीचं जेवण विसरली, तर तुम्ही अडवू नका.

पोटाचं म्हणाल तर वाट लांब आहे, हे स्पष्ट सांगते. शेवटच्या वर्षाला असताना आयआयटी-जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा द्यायची. एम.एस्सी. भौतिकशास्त्रात करता येते, किंवा पुणे विद्यापीठात थेट वातावरणविज्ञानात. मग नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळवून देणारी परीक्षा. ते मिळालं की पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, वर घरभाडं. हे दर २०२३ पासूनचे. म्हणजे चोविशीच्या आसपास तिचा खर्च ती भागवेल, पण पक्की नोकरी तिशीच्या आत मिळेलच असं नाही. तोवर लग्नाची घाई करणारे घरी येत राहतील, त्यांना उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. नोकऱ्या हवामान खात्यात, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत, कृषी विद्यापीठांत निघतात. जागा थोड्या असतात.

पीएच.डी.साठी गाइड, म्हणजे मार्गदर्शक, निवडताना तिला एच-इंडेक्सचा मोह होईल. तेव्हा गेल्या पाच वर्षांचे पेपर उघडून बघा, पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे की दरवेळी सरांचंच? आधीचे विद्यार्थी पीएच.डी. पूर्ण करून कुठे गेले? त्यातल्या दोघांना मेल करून विचारा. ६० वाल्या पण विद्यार्थ्याला वेळच न देणाऱ्या सरांपेक्षा १५ वाल्या आणि दर आठवड्याला बसून चुका दाखवणाऱ्या बाईंकडे मी माझी पोरगी पाठवीन.

बी.एड.चं म्हणाल, तर ते एम.एस्सी.नंतरही करता येतं. जॅममध्ये दोनदा जमलं नाही, तर तो रस्ता तिला मोकळा आहे, हे नातेवाईकांना सांगा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, दारव्ह्याच्या पावसाचा तक्ता जोडून.