पर्रीकरांचे नाकात नळी असलेले फोटो छापणं अमानुष नव्हतं का?

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, आणि ते मला पटत नाही. कारण घरचंच आहे.

१६ डिसेंबर २०१८ ला भाई, म्हणजे गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर, मांडवी नदीवरच्या तिसऱ्या पुलाची पाहणी करायला गेले आणि तो फोटो देशभर फिरला. तेव्हा आमच्या बाबांच्या नाकातही तशीच नळी होती. दर दोन तासांनी गाळलेली पेज सिरिंजने सोडायची, मागून थोडं पाणी, नाहीतर नळी तुंबते. घामाने नाकावरची पट्टी सुटायची. लोक टक लावून बघतात म्हणून बाबा दोन महिने उंबरठ्याबाहेर पडले नव्हते. त्यांनी पेपरातला फोटो बराच वेळ न्याहाळला. मग म्हणाले, "भाई पुलार भोंवता, आनी हांव बाजारांत वचूंक नज?" (भाई पुलावर फिरतो, आणि मी बाजारात जाऊ नये?)

शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेलो. तिखट खायची सोय नसलेला हा माणूस मिरच्यांवालीशी चांगली दहा मिनिटं घासाघीस करत होता!

त्यामुळे फोटोवर माझा राग नाही. राग आहे तो फोटोखालच्या मजकुरावर. एक तर 'लढवय्या', नाहीतर 'बिचाऱ्याला राबवतायत'. तिसरं काही सुचायचंच नाही. भाई फेब्रुवारीपासून उपचार घेत होते, मुंबई झाली, अमेरिका झाली, दिल्लीचं एम्स झालं. पण हा स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे हे आरोग्यमंत्री विश्वजीत राणे उघडपणे बोलले ते २७ ऑक्टोबरला. तोवर पेपरांत मोघम 'आजार'. राज्य कोण चालवतंय, हे विचारायला २० नोव्हेंबरला लोक भाईंच्या घरावर मोर्चा घेऊन गेले, तर त्यांनाच माणुसकी शिकवली गेली. (मीही तेव्हा चिडलो होतो, खोटं कशाला बोलू.)

आणि एक गोष्ट कुणालाच आठवत नाही. २४ सप्टेंबर २०१८ ला, भाई स्वतः एम्समध्ये असताना, दोन मंत्र्यांना वगळलं गेलं. फ्रान्सिस डिसोझा अमेरिकेत उपचार घेत होते, पांडुरंग मडकईकर यांना जूनमध्ये ब्रेन स्ट्रोक आला होता. आजारी मंत्री घरी, आजारी मुख्यमंत्री खुर्चीवर. दोन दिवस 'फेरबदल' म्हणून बातम्या आल्या आणि विषय संपला. डिसोझा १४ फेब्रुवारी २०१९ ला गेले, भाई १७ मार्चला.

भाईंच्या नळीवरची पट्टी कुठून कुठे चिकटवली होती ते मी आजही काढून दाखवीन. आजारपणातल्या त्या दोघांचा मात्र एकही फोटो डोळ्यांसमोर येत नाही.