शरद ऋतूत गावाकडे कुत्र्यासोबत वेळ कसा घालवावा?

पाऊस उघडल्यानंतर, आश्विन-कार्तिकात, खेड्यात कुत्र्याला घेऊन काय करता येईल, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते सकाळची वावरापर्यंतची फेरी याहून मोठा आनंद त्याच्यासाठी नाही. चांगले उजाडल्यावर, पण दव ओसरण्यापूर्वी पांदणीने निघावे आणि त्याला न ओढता प्रत्येक धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मनसोक्त हुंगू द्यावे. आमचा मोती सोयाबीन सोंगलेल्या वावरात उंदराचे बीळ दिसले, की नाकावर माती येईपर्यंत उकरतो आणि कुटाराच्या ढिगात लोळून अंगभर पिवळा भुसा घेऊन परततो.

दुपारी त्याला सावलीतच ठेवावे, कारण ऑक्टोबरचे ऊन कडक असते आणि कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच शरीर थंड करतो.

घरी आल्यावर त्याच्या बोटांच्या बेचक्या, कान आणि काखा तपासणे मी कधीही चुकवत नाही. या दिवसांत वाळू लागलेल्या गवताची कुसळे कातडीत शिरतात, आत सरकत जातात आणि तेथे पू धरतो. गोचीडही कानाच्या घडीत दडून बसतात. फवारणी झालेल्या कपाशीत त्याला मुळीच सोडू नये, तेथील साचलेले पाणीही पिऊ देऊ नये. जंगलालगतच्या गावात अंधारापूर्वीच परतावे, कारण बिबट्या कुत्र्यांची शिकार करतो.

कोजागिरीला अंगणात त्याला जवळ अवश्य बसवावे, मात्र मनुका घातलेले दूध देऊ नये. मनुकांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.