तो तक्ता फाडून टाक

प्रिय बाळा,

माणूस देवापुढे नीतिमान कशाने ठरतो, यावर तरुण संघाच्या अभ्यासासाठी केलेला तुझा तक्ता बघितला. डावीकडे ‘आपण प्रॉटेस्टंट : विश्वास’, उजवीकडे ‘कॅथॉलिक : कर्मे’. फाडून टाक. तुझी कॅथॉलिक मैत्रीण ‘आम्ही असं मानतच नाही’ म्हणाली आणि तू गोंधळलास, हे बरंच झालं. समोरच्याचं मत त्याच्याच कागदावरून मांडायचं, बाळा. ऐकीव नको.

कॅथॉलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेचा याच विषयावरचा जानेवारी १५४७चा ठराव काढ. १६ प्रकरणं, ३३ कलमं. कृपेवाचून, आपल्याच कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरतो असं म्हणेल तो शापित, असं पहिलंच कलम सांगतं. आठवं प्रकरण तर म्हणतं, नीतिमान ठरण्याआधीचा विश्वास असो वा कर्मं, त्यांनी ही कृपा कमावता येत नाही. झाला तुझा उजवा रकाना रिकामा.

मग भांडण नाहीच का? आहे की! आपण म्हणतो, ख्रिस्ताचं नीतिमत्त्व आपल्या नावे जमा होतं. देव पापी माणसाला नीतिमान म्हणून स्वीकारतो आणि त्याचं आयुष्य बदलणं ही त्यामागून येणारी वेगळी गोष्ट. ट्रेंट हे दोन्ही एकत्रच धरतं : पापक्षमा आणि आतून नवं होणं, बाप्तिस्म्यातून. म्हणून त्यांच्याकडे ही कृपा सत्कर्मांनी वाढते (कलम २४ बघ), प्राणघातक, म्हणजे गंभीर पापाने जाते आणि पापनिवेदनाच्या संस्काराने परत मिळते. आपल्याकडे कर्मं हे फळ, वाढीचं कारण नव्हे. तक्ता करायचाच तर रकाने असे पाड : सुरुवात कशाने, नीतिमत्त्व कुणाचं, वाढतं का, जातं का, तारणाची खात्री किती. पाचही ठिकाणी दोघांचे कागद उघडे ठेवून लिही.

आपलं तरी तुला कुठं नीट ठाऊक आहे? मिशनरी वाइल्डरसाहेब १८५२ साली कोल्हापुरात आले, १८७०पासून हे काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. त्या परंपरेचा विश्वास मांडणारा कागद म्हणजे वेस्टमिन्स्टर कन्फेशन. त्याच्या ११व्या प्रकरणात विश्वास हेच एकमेव साधन म्हटलंय, आणि लगेच पुढे, तो विश्वास माणसात कधी एकटा नसतो, असंही. ‘विश्वास ठेवला की झालं, मग कसंही वागा’ हे आपलंही मत नाही! याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय (‘कर्मांवाचून विश्वास निर्जीव’) कुणी तोंडावर फेकला की आपली पोरं गडबडतात ती इथंच.

उलट टोकालाही जाऊ नकोस. ‘१९९९ला ऑग्सबर्गमध्ये सह्या झाल्या, मिटलं सगळं’ म्हणणारे भेटतील. नीतिमान ठरण्याविषयीचा तो करार लुथरन (प्रॉटेस्टंटांतलीच एक शाखा) आणि कॅथॉलिक यांचा. आपल्या रिफॉर्म्ड (प्रेस्बिटेरियन त्यातच येतात) मंडळींची जागतिक संघटना त्यात २०१७ला आली. मूलभूत बाबींवर एकमत आहे, पण २८ ते ३० हे परिच्छेद वाच : नीतिमान ठरलेल्या माणसात उरलेल्या पापाकडच्या ओढीलाच पाप म्हणायचं की नाही, यावर दोघं तिथंही वेगवेगळं बोलतात.

‘आधी कागद काढा’ म्हणतो म्हणून मंडळीत मला हटवादी म्हणतात. म्हणू देत. ज्याचं मत सांगतोय त्यानं मान डोलवून ‘हो, हेच आमचं’ म्हटलं पाहिजे. त्याशिवाय खोडायला घेणं म्हणजे नुसता धूर.

करार ४४ परिच्छेदांचाच आहे, एका बैठकीत होतो. नवा तक्ता आधी त्या मैत्रिणीला दाखव. तिनं उजवा रकाना मान्य केला तरच संघात ने.

तुझा,
काका