गरीब मेंढ्यासाठी ४५ हजार मोजावेत का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. बाकीच्या वाचकांसाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगतो. सांगोला तालुक्यात तुमची तीन एकर जिराईत जमीन आणि २० मेंढ्या आहेत. यजमान ट्रकवर असतात, कळप तुम्ही आणि सासूबाई सांभाळता, आणि सहा नि नऊ वर्षांची मुलं दिवसभर मेंढ्यांच्या वाड्यातच असतात. चार वर्षं शेजाऱ्यांचा मेंढा उसना आणून काम भागवलं, बदल्यात वर्षाला एक कोकरू दिलं. आता स्वतःचा, स्वभावानं गरीब मेंढा हवा आहे. दोन बघितलेत. एक माडग्याळ जातीचा, दोन वर्षांचा, बाटलीवर वाढवलेला, मालकाची पोरं पाठीवर बसली तरी हलत नाही. किंमत ४५ हजार. दुसरा ओळखीच्या मेंढपाळाच्या कळपातला चार दाती, म्हणजे साधारण दोन वर्षांचा, दख्खनी जातीचा, २२ हजारांचा. दवाखाना आणि शाळेसाठी ठेवलेली ६० हजारांची मुदत ठेव सप्टेंबरात पिकते. ती मोडावी की मंगळसूत्र गहाण ठेवावं, असं तुम्ही विचारलं आहे.

दोन्ही करू नका. मेंढा मात्र जरूर घ्या, आणि तो २२ हजारांचा घ्या.

आधी मेंढा का घ्यायचा ते बघू. उसना मेंढा फुकट पडतो असं वाटतं, पण तुमच्याच पत्रातून वेगळं दिसतं. त्याच्या मालकाचा कळप उरकल्यावर तो तुमच्याकडे येतो. त्यामुळे तुमच्या मेंढ्या मागंपुढं गाभण राहतात आणि कोकरं डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत रेंगाळत जन्मतात. उशिराची कोकरं ऐन उन्हाळ्यात, चारा संपल्यावर वाढतात. बकरी ईदच्या बाजारात ती छोटीच दिसतात. शिवाय चार वर्षं तोच मेंढा म्हणजे त्याच्याच लेकी पुन्हा त्यालाच लागल्या. तुमच्या कळपातली अशक्त कोकरं आणि वाढलेली मरतूक यांचं एक कारण इथेच असण्याची दाट शक्यता आहे.

आता आकडे, बहुतेक तुमचेच. २० पैकी दोन मेंढ्या सलग दोन वर्षं गाभण राहिल्या नाहीत, म्हणजे कामाच्या १८. गेल्या वर्षी १३ कोकरं हाती लागली. निरोगी मेंढा वेळेवर कळपात असला तर १६ धरू, जास्त नको. तीन कोकरं वाढली, ६ हजारांच्या भावानं १८ हजार. त्यांच्या खुराक-औषधाचे साडेचार हजार वजा केले की साडेतेरा उरतात. शेजाऱ्यांना द्यायचं कोकरू वाचलं, त्याचे सहा. म्हणजे वर्षाला साडेएकोणीस हजार. मेंढ्याचा स्वतःचा खुराक, लस, औषध, विमा मिळून १० हजार धरा. उरले साडेनऊ, दोन वर्षांचे १९ हजार. दोन वर्षांनी त्याच्या लेकी माजावर येतील, तेव्हा तो बदलायलाच हवा. त्या वेळी ईदच्या आधी विकला तर दख्खनीचे १५ हजार येतील, असा मेंढपाळाचाच अंदाज तुम्ही कळवला आहे.

बेरीज झाली ३४ हजार. तुमच्या कळपाला मेंढ्यावर जास्तीत जास्त एवढाच खर्च सोसतो, आणि त्यात नफ्याचा रुपयाही धरलेला नाही.

२२ हजारांच्या मेंढ्याला वाहतूक आणि तपासणीचे दीड हजार, वाड्यात त्याच्यासाठी वेगळा कप्पा करायचे तीन हजार जोडले तर साडेसव्वीस हजार होतात. हातात साडेसात हजार राहतात. फार नाहीत, पण पुढच्या मेंढ्याची सुरुवात त्यातून होते.

४५ हजारांचा मेंढा तोट्याचाच, असं मात्र मी म्हणणार नाही. माडग्याळ ही जत तालुक्यातली देखणी जात आहे. बाकदार नाक, लांब कान, उंच अंग, वाढही चांगली. आटपाडीच्या बाजारात अशा मेंढ्यांना लाखांच्या बोली लागल्याच्या बातम्या तुम्ही ऐकल्या असतील. पण ती किंमत रूपाची आणि हौसेची असते. तुमच्या कामाचा प्रश्न वेगळा आहे: या मेंढ्याचं कोकरू तुमच्या दारात किती जास्त पैसे आणेल? दोन किमतींत २३ हजारांचं अंतर आहे. माडग्याळ विकताना पाच हजार जास्त आले असं धरलं तरी १८ हजार उरतात. दोन वर्षांत ३२ कोकरं, त्यातल्या सहा माद्या घरी ठेवल्या तर विकायला २६. म्हणजे प्रत्येक कोकरामागे साधारण ७०० रुपये जास्त मिळाले, तरच दोन्ही मेंढे सारखे पडतात. तुम्ही कोकरं गावातल्या व्यापाऱ्याला नगावर विकता. त्याला सरळ विचारा, माडग्याळ बापाच्या कोकराला ७०० रुपये वाढवून देशील का? तो हो म्हणाला आणि पुढे लोणंदच्या बाजारातही तसाच भाव दिसला, तर पुढच्या वेळी या जातीचा विचार करू. वजनावर विकायची सोय झाली तर गणित आणखी बदलेल.

पण तुमच्या बाबतीत पैशाआधी मला दुसरीच काळजी वाटते, आणि म्हणूनच या उत्तराला एवढा वेळ घेतला. हा महाग मेंढा गरीब वाटतो, कारण तो माणसाच्या हातावर वाढला. बाटलीवर वाढलेल्या नराला माणसाची भीती उरत नाही. लहानपणी ते गोड वाटतं. वयात आल्यावर, विशेषतः माजाच्या दिवसांत, तोच मेंढा माणसाला दुसरा नर समजून धडक देतो. कळपात वाढलेला मेंढा माणूस आला की चार पावलं बाजूला होतो. हा होत नाही. पाठीवर पोरं बसवतात, कपाळ चोळतात, खेळात टक्कर घेतात, आणि प्रत्येक वेळी तो धडकायलाच शिकत असतो. तुमच्या वाड्यात सहा वर्षांचं मूल आहे आणि सासूबाई वाकून शेण काढतात. मांडीचं हाड मोडलं तर दवाखान्याचं बिल मेंढ्याच्या किमतीला सहज मागं टाकतं, आणि म्हातारं माणूस त्यानंतर पुन्हा चालेल याची खात्री नसते.

गरीब स्वभावाला पैसे जरूर मोजा, पण तो पारखून. दख्खनी मेंढा मालकाच्या वाड्यात, मेंढ्यांमध्ये असतानाच बघा. बाजारात बांधलेला प्रत्येक मेंढा शांत दिसतो. तुम्ही आत शिरलात की तो कळपाबरोबर सरकतो का, गव्हाणीवर दुसऱ्यांना खाऊ देतो का, ते पाहा. मान खाली घालून रोखून बघतो, खूर घासतो किंवा दोन पावलं मागे जातो, तो स्वस्त मिळाला तरी सोडा. टकरींसाठी पोसलेला तर बिलकूल नको. एक हंगाम काम केलेला चार दाती मेंढा म्हणूनच बरा. त्याची कोकरं बघायला मिळतात आणि माजात तो कसा वागतो ते मालकाला ठाऊक असतं. दोन्ही वृषण सारखे, घट्ट, गाठ नसलेले हवेत. पशुवैद्यकाकडून ब्रुसेलोसिस या गर्भपात घडवणाऱ्या आजाराची रक्ततपासणी करून घ्या. आणल्यावर तीन आठवडे वेगळा ठेवा, पीपीआर आणि आंत्रविषार या मेंढ्यांच्या जीवघेण्या आजारांची लस झाली आहे ना बघा. आणि मेंढा गरीब असला तरी तीन हजारांच्या त्या कप्प्यावर काटकसर नको. मुलं वाड्यात असतील तेव्हा तो आत असावा आणि त्याच्याकडे पाठ करून कुणी काम करू नये.

फलटणच्या ‘जुळं देणाऱ्या’ मेंढ्याबद्दलही तुम्ही विचारलंत. निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचं जुळ्यांचं जनुक दख्खनीत आणून नारी सुवर्णा ही मेंढी तयार केली. काम मोलाचं आहे. मात्र किती कोकरं होणार हे मेंढीवर ठरतं. असा नर आणला तरी तुमच्या आजच्या १८ मेंढ्या जुळी देऊ लागणार नाहीत. फायदा त्याच्या लेकींपासून, म्हणजे सुमारे दोन वर्षांनी सुरू होतो, आणि जुळं पोसायला मेंढीला दूध नि चारा लागतो. तीन एकर जिराईतावर आधी चाऱ्याची सोय, मग जुळी.

पैसे कुठून आणायचे? त्या दोन भाकड मेंढ्या विका. आठ हजारांप्रमाणे १६ हजार येतील. कोकरांच्या बचतीतले १० हजार घाला. पाचेकशे रुपये कमी पडतात, ते घरखर्चातून निघतील. मेंढ्यांचा खर्च मेंढ्यांनीच भागवला, ठेवीला हात लागला नाही. पुढे खुराकासाठी खेळतं भांडवल लागलं तर पशुपालनासाठीचं किसान क्रेडिट कार्ड बँकेत विचारा. वेळेवर फेडलं तर व्याज चार टक्के पडतं, सोनेतारणापेक्षा कितीतरी स्वस्त. तुम्ही भटक्या जमाती (क) प्रवर्गात असाल तर मेंढीपालनासाठीच्या राज्य सरकारच्या महामेष योजनेत ७५ टक्के अनुदान आहे. अर्ज जरूर करा, पण मंजुरीची वाट बघत हंगाम चुकवू नका. विम्यासाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून शेतकऱ्याचा हप्त्यातला वाटा १५ टक्केच आहे. कानात बिल्ला लागतो, तो आधी मारून घ्या.

खरेदी मार्चअखेरपर्यंत उरका. ईद सध्या मेच्या शेवटाकडे येते आणि तिच्या आधी नरांचे भाव चढतात. दुसरं कारण शरीराचं आहे: नराचं बीज तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात. प्रवासाचा ताण किंवा ताप येऊन गेला तर तेवढे दिवस तो कमी पडू शकतो. मृगाच्या पावसात मेंढ्या माजावर यायच्या आधी तो तुमच्या वाड्यात रुळलेला, थोडा खुराक खाल्लेला असावा.

आणि मेंढपाळ ओळखीचा आहे, त्याचा उपयोग करा. १५ हजार आज, उरलेले सात हजार हंगामात, असं ठरवा. मेंढा कळपात सोडताना त्याच्या छातीला गेरू लावा. ज्या मेंढीवर तो चढेल तिच्या पाठीवर रंग उमटेल. मेंढी साधारण १७ दिवसांनी पुन्हा माजावर येते, म्हणून तेव्हा गेरूचा रंग बदला. दुसऱ्या रंगाच्या मेंढ्या थोड्या असतील तर मेंढा कामाचा आहे, सात हजार देऊन टाका. पहिल्या रंगाच्या बहुतेक मेंढ्यांवर दुसराही रंग दिसला तर मेंढपाळाला बोलावून दाखवा. मेंढा परत घेण्याची किंवा बदलून देण्याची अट आधीच चार लोकांसमोर बोलून ठेवा.