खचदरी की भ्रंशदरी?

इथिओपियातल्या अफार प्रदेशावरच्या माहितीपटाचं भाषांतर करणाऱ्या एका मित्राने विचारलंय: 'रिफ्ट व्हॅली'ला खचदरी म्हणू की भ्रंशदरी? आणि दरी तर नदी कोरते, मग इथे हा शब्द चालेल का?

खचदरीच लिही. नर्मदा खचदरीतून वाहते, हे आपण शाळेपासून वाचत आलोय. भ्रंशदरी चूक नाही. भ्रंश म्हणजेही खाली घसरणं. पण खचणं आपल्या रोजच्या बोलण्यातलं आहे. पावसाळ्यात विहिरीचा काठ खचतो, रस्ता खचतो. दरड कोसळते तेव्हा तिचे तुकडे होऊन घरंगळत येतात. खचलेला रस्ता मात्र डांबरासकट, मधल्या पांढऱ्या पट्ट्यासकट खाली बसलेला दिसतो. खचदरीत नेमकं हेच होतं. दोन भ्रंशांमधला, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतो अशा दोन भेगांमधला, जमिनीचा पट्टा अख्खाच्या अख्खा खाली बसतो. अफारमधल्या डानाकिल खोलगट भागाचा तळ तर समुद्रसपाटीच्याही शंभरेक मीटर खाली आहे.

आता 'दरी'. हा शब्द संस्कृत 'दॄ' धातूचा, म्हणजे फाटणं, विदीर्ण होणं. त्यात नदीचा संबंधच नाही! म्हणजे आधी जमीन ताणून फाटते आणि मग मधला भाग खचतो, या दोन्ही गोष्टी 'खचदरी' या एका शब्दात आल्या. मला हा शब्द फार आवडतो तो यासाठीच.

ज्वालामुखीही या ताणामुळेच. कणीक ताणली की मध्ये पातळ होते, तसं भूकवच पातळ होतं. खालच्या तप्त खडकावरचा दाब उतरतो आणि जास्तीची उष्णता न मिळताही तो वितळू लागतो. त्याचा होतो शिलारस. तो जमिनीबाहेर आला की लाव्हा. अफारमधल्या एर्टा अले ज्वालामुखीच्या मुखात उकळताना दिसायचा तो लाव्हा.

हा फरक भाषांतरात काटेकोरपणे पाळ. सप्टेंबर २००५ मध्ये अफारमधल्या डब्बाहू ज्वालामुखीजवळ सुमारे ६० किलोमीटर लांबीची भेग पडली, काही ठिकाणी तब्बल ८ मीटर रुंद. ती भरली शिलारसाने, आणि त्यातला बहुतेक जमिनीखालीच थिजला. वर राखेचा उद्रेक झाला, पण छोटासा. त्या दृश्याखाली 'लाव्हाने भेग भरली' असं लिहू नकोस. तिथे शिलारसच हवा.